सिलोनचा चहा : एका लहान देशाची आयात-निर्यात

श्रीलंकेत तयार होणाऱ्या दर दहा किलो चहापैकी जवळजवळ नऊ किलो देशाबाहेर जातो. भारतात याच्या उलट आहे. इथल्या चहाचे पाचांतले चार हिस्से इथल्याच घरांत, कचेऱ्यांत आणि टपऱ्यांवर संपतात. एवढा एक फरक ध्यानात ठेवला, की श्रीलंकेच्या चहाधंद्यातल्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. घरचे गिऱ्हाईक मोठे असले, की परदेशात भाव पडला तरी माल देशातच खपवता येतो. श्रीलंकेला ती सोय नाही. देशाचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित जास्त, आणि लोकसंख्या सुमारे सव्वादोन कोटी. २०२४ साली या देशात सुमारे २६ कोटी किलो चहा तयार झाला आणि निर्यातीतून १४० कोटी डॉलरहून अधिक मिळकत झाली. बगदादमध्ये, मॉस्कोत किंवा तेहरानमध्ये काय घडते, यावर मात्तराजवळच्या एखाद्या अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याची चूल अवलंबून असते.

निर्यातीचा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो; सरकारी अहवालांत तो पहिल्या पानावर येतो. आयातीचा आकडा मात्र विखुरलेला राहतो. चहा निर्यात करण्यासाठी श्रीलंकेला खत, इंधन, यंत्रे, टी-बॅगचा कागद आणि काही प्रमाणात चक्क चहासुद्धा बाहेरून आणावा लागतो. या आयातीकडे नीट पाहिले नाही, तर निर्यातीची गोष्ट अर्धीच कळते. २०२१ साली देशाच्या सरकारने ती अर्धी गोष्ट दृष्टीआड केली आणि त्याची किंमत मळ्यांनी मोजली. तो प्रसंग पुढे येईल. आधी हा धंदा या बेटावर कसा आला ते पाहावे लागते.

सिलोनवर इंग्रजांनी आधी चहा लावला नव्हता, कॉफी लावली होती. १८१५ साली कँडीचे राज्य त्यांच्या हाती आले आणि मध्य डोंगराळ भाग खुला झाला. १८४० च्या कायद्याने, ज्या जमिनीवर कोणाचा कागदोपत्री हक्क नव्हता ती सरकारजमा धरली गेली. डोंगरावरची वनजमीन आणि गावकऱ्यांची फिरत्या शेतीची जमीन अशा रीतीने स्वस्तात मळेवाल्यांना मिळाली. कॉफीने काही दशके भरभरून पैसा दिला. मग १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला. सुरुवातीला त्याला कोणी फार गांभीर्याने घेतले नाही. पण पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्या बुरशीने बेटावरची कॉफी जवळजवळ पुसून टाकली. एकाच पिकावर आणि एकाच बाजारावर उभ्या असलेल्या धंद्याचे काय होते, याचा हा या देशाला मिळालेला पहिला धडा.

चहाची रोपे त्याआधीच बेटावर पोचली होती. १८२४ मध्ये चीनमधली काही रोपे पेराडेनियाच्या वनस्पती उद्यानात लावली गेली, नंतर आसामचे बी आले. पण विक्रीसाठी लागवड केली ती जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने, १८६७ साली, कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यातल्या एकोणीस एकरांवर. त्याचा पहिला कारखाना म्हणजे त्याच्या बंगल्याचा व्हरांडा. पाने टेबलांवर हातांनी वळायची आणि मातीच्या चुलींवर, कोळशाच्या आचेवर, तारांच्या जाळीत वाळवायची, अशी ती पद्धत होती. १८७३ मध्ये सिलोनच्या चहाची पहिली खेप लंडनला गेली. तिचे वजन होते अवघे २३ पौंड. १८७५ च्या सुमारास बेटावर चहाखाली हजारभर एकर जमीन होती. १८९५ पर्यंत हा आकडा तीन लाख एकरांच्या घरात गेला. १८८३ साली कोलंबोत पहिला जाहीर लिलाव झाला. १८९० साली टॉमस लिप्टन येऊन पोचला. त्याने हपुतलेजवळ मळे घेतले आणि मळ्यापासून थेट दुकानातल्या पुडक्यापर्यंतची साखळी आपल्या हातात ठेवली. सिलोन हे नाव इंग्लंडच्या घराघरांत पोचवण्यात त्याच्या जाहिरातींचा वाटा मोठा आहे.

या भरभराटीची उभारणी पहिल्या दिवसापासून आयातीवर झाली होती. कँडीच्या परिसरातले सिंहली शेतकरी आपली भातशेती सोडून मळ्यावर कायमचे राबायला तयार नव्हते. म्हणून दक्षिण भारतातून, मुख्यतः तमिळ प्रदेशातून, मजूर आणले गेले. कॉफीच्या काळात ते हंगामापुरते येत. चहाची खुडणी बारमाही असते, त्यामुळे कुटुंबेच्या कुटुंबे डोंगरावर स्थायिक झाली. त्यांच्या पोटासाठी लागणारा तांदूळ भारतातून आणि ब्रह्मदेशातून येई. पाने वाळवण्याची यंत्रे बेलफास्टहून येत. भांडवल लंडनचे होते आणि नफाही लंडनलाच जाई. बेटाचे स्वतःचे म्हणावे असे त्यात पाऊस, उतार आणि माती एवढेच होते.

त्या मजुरांच्या वंशजांचा प्रश्न चहाच्या व्यापाराच्या कोणत्याही पुस्तकात तळटिपेत ढकलता येत नाही. स्वातंत्र्य मिळताच १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने बहुतेक मळामजुरांना देशाचे नागरिकत्व नाकारले. देशाला सर्वांत जास्त परकीय चलन मिळवून देणारी माणसे त्या देशाची नागरिक नव्हती. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंडारनायके यांच्यात करार झाला. त्यानुसार ५ लाख २५ हजार लोकांना भारताने घ्यायचे आणि ३ लाखांना श्रीलंकेने नागरिकत्व द्यायचे ठरले. उरलेल्या दीड लाखांची वाटणी १९७४ मध्ये निम्मी-निम्मी झाली. कित्येकांना त्यांनी कधीही न पाहिलेल्या ‘मायदेशी’ धाडले गेले. कोणत्याच देशाचे नसलेल्या उरल्यासुरल्यांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने मिटला. आजही मळ्यांवरची पुष्कळ कुटुंबे ‘लाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या, एकमेकींना चिकटलेल्या खोल्यांत राहतात. रोजचा पगार हा तिथला सर्वांत तापलेला विषय आहे. दिवसाला ठरावीक किलो पाने खुडली तरच पूर्ण रोज मिळतो. कमी भरली, तर त्या प्रमाणात कापला जातो.

स्वातंत्र्यानंतरची दोन-अडीच दशके चहा हाच देशाचा आधार होता. १९६५ साली सिलोन भारताला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा चहानिर्यातदार झाला. निर्यातीच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त वाटा त्या काळी चहाचा असे. १९७२ साली देशाने आपले नाव श्रीलंका केले, पण चहाचे नाव सिलोनच ठेवले, आणि ते शहाणपणाचे ठरले. शंभर वर्षे घासून-पुसून उजळलेले नाव टाकून देणे व्यापाराला परवडले नसते. त्याच दशकात जमीनसुधारणा कायद्यांनी मळे सरकारी मालकीचे झाले आणि १९७६ साली श्रीलंका चहा मंडळ स्थापन झाले. सरकारी व्यवस्थापनाखाली मळ्यांची उत्पादकता घसरली, जुन्या झुडपांच्या जागी नवी लावण्याचे काम मागे पडले. १९९२ पासून मळे पुन्हा खासगी कंपन्यांकडे भाडेपट्ट्याने चालवायला दिले गेले. मात्र याच काळात उत्पादनाचा मुख्य भार भलत्याच खांद्यांवर जाऊ लागला होता.

ते खांदे म्हणजे लहान शेतकरी. चहाचा मळा म्हटला, की नुवारा एलियाच्या थंड धुक्यातला डोंगर आणि पाठीवर टोपली घेतलेल्या बायका, हेच चित्र लोकांच्या मनात असते. प्रत्यक्षात आज श्रीलंकेच्या चहाचा सुमारे सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक भाग लहान शेतकऱ्यांच्या तुकड्यांतून येतो. त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे, आणि यांतले बहुतेक दक्षिणेकडच्या सखल भागातले, म्हणजे गॉल, मात्तरा आणि रत्नपुरा या जिल्ह्यांतले. ते स्वतः चहा तयार करत नाहीत. सकाळी खुडलेला ओला पाला त्याच दिवशी जवळच्या खासगी कारखान्याला विकतात. साडेचार किलो पाल्याचा साधारण एक किलो चहा होतो. लिलावात त्या कारखान्याच्या चहाला जो भाव मिळेल, त्याचा ठरलेला हिस्सा शेतकऱ्याला देण्याचे सूत्र सरकारने घालून दिले आहे : शेतकऱ्याला ६८ टक्के, कारखान्याला ३२ टक्के. कोलंबोच्या लिलावातला चढ-उतार म्हणूनच खेड्यातल्या घरापर्यंत सरळ पोचतो.

उंचीवरून चहाचे तीन वर्ग पडतात. सहाशे मीटरच्या खालचा तो सखल भागातला, सहाशे ते बाराशे मीटरचा मध्यम उंचीचा आणि त्यावरचा उंचावरचा. उंचावरच्या चहाला थंडीमुळे वाढ मंद आणि वास नाजूक. उवा भागात जुलै ते सप्टेंबर कोरडा वारा सुटतो, तेव्हाच्या चहाला तर खास भाव येतो. दिंबुला आणि नुवारा एलियाचा चांगला हंगाम जानेवारी ते मार्च. सखल भागातला चहा गडद, जाड चवीचा, पाने लांब आणि छान वळलेली. इंग्रजांच्या काळात प्रतिष्ठा उंचावरच्या चहाला होती आणि सखल भागातला मागे असे. पश्चिम आशियातले ग्राहक वाढले, तसा हा क्रम उलटला. इराक, इराण, तुर्कस्तान, लिबिया या देशांत चहा बिनदुधाचा, काचेच्या पेल्यात, रंग पाहत पितात. त्यांना लांब पानाचा, गडद उतरणारा सखल भागातलाच चहा हवा असतो. गेली बरीच वर्षे कोलंबोत सरासरी भाव याच चहाला सर्वांत वर मिळत आला आहे.

इथे मराठी वाचकाने एक गोष्ट समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रात घरोघरी उकळला जाणारा दाणेदार चहा ‘सीटीसी’ पद्धतीचा असतो. दातेरी रुळांमध्ये पाने चिरडून, फाडून, गोळ्या करून तो बनतो. दूध-साखर घालून उकळायला तो उत्तम, भरपूर रंग देणारा आणि तुलनेने स्वस्त. श्रीलंकेचा नव्वद टक्क्यांहून अधिक चहा मात्र जुन्या, ‘ऑर्थोडॉक्स’ पद्धतीने होतो. पाने आधी कोमेजवतात, मग यंत्रात दाब देऊन वळतात, ओलसर हवेत पसरून काळपट होऊ देतात, गरम हवेत वाळवतात आणि चाळण्यांवर चाळून प्रती वेगळ्या करतात. लिलावाच्या यादीतली बीओपी, बीओपीएफ, ओपी, पिको ही अक्षरे मुख्यतः पानाचा आकार सांगतात. चव त्यांवरून कळत नाही. ऑर्थोडॉक्स चहाला मजुरी जास्त लागते, वेळ जास्त लागतो. भारतीय बाजार हाकेच्या अंतरावर असूनही श्रीलंकेचा चहा इथे फारसा का दिसत नाही, याचे एक मोठे कारण हेच. १९९८ च्या भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करारात दरवर्षी दीड कोटी किलो चहा सवलतीच्या आयातशुल्कात भारतात आणण्याची मुभा होती. ती मर्यादा कधी भरण्याच्या जवळही गेली नाही.

कोलंबोचा लिलाव हा या व्यापाराचा कणा आहे. देशातला बहुतेक चहा याच लिलावातून विकला जातो, आणि एकाच देशात पिकलेल्या चहाचा याहून मोठा लिलाव जगात दुसरा नाही. केनियातल्या मोंबासाच्या लिलावात विक्री जास्त होते, पण तिथे पूर्व आफ्रिकेतल्या अनेक देशांचा माल येतो. आठवड्याचा क्रम ठरलेला. कारखान्यातून गोण्या कोलंबोच्या गोदामात येतात. दलालाकडचे चव पाहणारे लोक प्रत्येक मालाचा नमुना तपासतात. पांढऱ्या चिनी मातीच्या झाकणाच्या भांड्यांची लांब रांग, प्रत्येकात मोजून घातलेली पूड आणि उकळते पाणी, पाच-सहा मिनिटांनी वाडग्यात ओतलेला रस, झाकणावर उपडी केलेली भिजलेली पाने. कोरडी पाने हातात घेऊन बघायची, भिजलेल्यांचा वास घ्यायचा, चमच्याने रस जोरात ओढून जिभेवर फिरवायचा आणि पिकदाणीत टाकायचा. एका सकाळी अशा शेकडो नमुन्यांवर शेरे लिहिले जातात. हेच नमुने निर्यातदारांकडेही जातात आणि तेही आपापल्या गिऱ्हाइकाच्या चवीने ते पारखतात. मग बोली. जवळजवळ एकशे चाळीस वर्षांची ही परंपरा एप्रिल २०२० पर्यंत सभागृहात हात वर करून आणि आवाज देऊन चालत होती. करोनाच्या साथीत ती काही आठवड्यांत संगणकावर गेली आणि तिथेच राहिली. आवाजी बोलीची गंमत गेली, पण धंदा फार काळ थांबला नाही, हे त्या मंडळींचे मोठे काम म्हणायला हवे.

विकत घेतलेला चहा दोन वाटांनी बाहेर जातो. एक म्हणजे मोठ्या गोण्यांतून, सुटा. तो परदेशात दुसऱ्या कोणाच्या नावाने पुडक्यात भरला जातो. दुसरी वाट म्हणजे कोलंबोच्या परिसरातच पाकिटे आणि टी-बॅग भरून. दुसऱ्या वाटेत भराई, छपाई, मिश्रण यांचा पैसा देशात राहतो. केनियाचा चहा बहुतांशी सुटा जातो. श्रीलंकेने पाकिटबंद चहाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर नेला, हे तिचे खरे यश. मेरिल फर्नांडो यांनी आपल्या दोन मुलांच्या नावांवरून ‘दिल्मा’ ही मुद्रा काढली आणि १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात नेली. पिकवणाऱ्या देशातल्याच माणसाने आपल्या नावाने परदेशी दुकानात चहा ठेवणे ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. त्यानंतर अनेकांनी तो रस्ता धरला.

गिऱ्हाइके मात्र सतत बदलत राहिली. इंग्लंड शंभर वर्षे पहिला ग्राहक होता. तिथले लोक झटपट उतरणाऱ्या टी-बॅगकडे वळले, त्यात आफ्रिकेतला स्वस्त सीटीसी बसला आणि सिलोनची मागणी आटली. पाकिस्तानही याच कारणाने केनियाकडे गेला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशिया आणि शेजारचे देश मोठे ग्राहक झाले. आज इराक, रशिया, संयुक्त अरब अमिराती, तुर्कस्तान, इराण, लिबिया, अझरबैजान ही नावे यादीत वर असतात. यादी वाचतानाच धोका लक्षात येतो : यातले निम्मे देश युद्ध, निर्बंध किंवा चलनटंचाई यांच्या छायेत असतात. इराणवर निर्बंध आले, की चहाचे पैसे बँकेतून येईनासे होतात. श्रीलंकेवर इराणच्या तेलाचे सुमारे २५ कोटी डॉलरचे देणे होते. ते दरमहा ठरावीक रकमेच्या चहाने फेडण्याचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. चहा निर्यातदाराने पाठवायचा, पैसे त्याला श्रीलंकेतच रुपयांत मिळायचे आणि तेवढे देणे कमी व्हायचे, अशी व्यवस्था ठरली. डिसेंबर २०१७ मध्ये रशियाने एका खेपेत खाप्रा भुंगेरा सापडल्याचे कारण देऊन चहाची आयात थांबवली. दोन आठवड्यांच्या आत बंदी उठली, पण तेवढ्यात कोलंबोत सरकारपासून दलालापर्यंत सगळे हादरले. जपानने तणनाशकाचे अंश तपासायला सुरुवात केली, तेव्हाही हेच. त्यामागची हकिगत बोलकी आहे. २०१५ साली श्रीलंकेने ग्लायफोसेटवर बंदी घातली, मळेवाल्यांनी दुसरी तणनाशके वापरली आणि त्यांचे अंश जपानच्या मर्यादेबाहेर गेले. २०१८ मध्ये चहा आणि रबरापुरती ती बंदी मागे घ्यावी लागली.

त्याच चुकीची मोठी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. परकीय चलनाचा साठा आटत होता आणि खताच्या आयातीवर बराच खर्च होत होता. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस सगळा देश एका फटक्यात सेंद्रिय शेतीकडे नेण्याचे जाहीर केले आणि मे महिन्यात रासायनिक खते व कीडनाशके आयात करण्यावर बंदी आली. चहाचे झुडूप म्हणजे सतत खुडले जाणारे पीक. दर आठवड्याला पाने तोडली जातात तेव्हा मातीतले नत्रही त्यांच्याबरोबर जाते. ते परत घातले नाही, तर कोवळी पाने फुटायची थांबतात. परिणाम लगेच दिसला नाही, कारण झाड साठ्यावर काही महिने तग धरते. ऑक्टोबरपासून बंदी सैल होऊ लागली आणि वर्ष संपण्याआधी गुंडाळली गेली, पण तोवर खताचे भाव जगभर चढले होते आणि देशाकडे डॉलर उरले नव्हते. २०२२ साली उत्पादन सुमारे २५ कोटी किलोंवर आले. पाव शतकातला तो तळ होता. त्याच वर्षी देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली. वीज तासन्‌तास जात होती, ट्रकला डिझेल मिळत नव्हते, वाळवणयंत्रे अर्ध्यावर बंद पडत होती. सेंद्रिय शेतीचे ध्येय वाईट नव्हते. वर्षानुवर्षांच्या तयारीचे काम एका हंगामात उरकण्याचा हट्ट मात्र अक्षम्य होता, आणि त्याचा भुर्दंड सत्तेत असलेल्यांनी नाही, अर्ध्या-पाऊण एकरवाल्यांनी भरला.

रुपयाची घसरण या काळात आकड्यांवर पडदा टाकत होती. डॉलर दोनशे रुपयांवरून साडेतीनशेच्या पुढे गेला, त्यामुळे लिलावातला सरासरी भाव रुपयांत दुपटीच्या आसपास पोचला. कागदावर शेतकऱ्याच्या हाती पूर्वीपेक्षा जास्त पैसे आले. खत, तांदूळ, रॉकेल आणि औषधांचे भाव मात्र त्याहून पुढे पळाले. याच दिवसांत शहरांतल्या उपाहारगृहांत दुधाचा चहा मिळेनासा झाला. श्रीलंकेत दूध घालून चहा करायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी दुधाची भुकटी घालून, आणि ती भुकटी प्रामुख्याने न्यूझीलंडहून येते. जगाला चहा पाजणाऱ्या देशात लोक कोरा चहा, सोबत गुळाचा खडा, यावर भागवू लागले. खेड्यांत ती जुनीच रीत आहे. शहरातल्या चाकरमान्यांना मात्र तो टंचाईचा रोजचा पुरावा होता.

आता खुद्द चहाच्या आयातीचा प्रश्न. श्रीलंका दरवर्षी काही दशलक्ष किलो चहा बाहेरून आणते. हा चहा देशात विकण्यासाठी नसतो. मिश्रण करून, पाकिटे भरून तो परत बाहेर पाठवायचा असतो. चहा मंडळाच्या परवानगीशिवाय तो येत नाही. परवानगीही मुख्यतः सीटीसी, हिरवा चहा आणि दार्जिलिंगसारखे खास चहा यांनाच मिळत आली आहे. जो काळा ऑर्थोडॉक्स चहा श्रीलंका स्वतः पिकवते, त्याच्यासाठी दार बंद ठेवण्याचे धोरण आहे. प्रमाण लहान आहे, पण या लहानशा आकड्यावरून देशात गेली कित्येक वर्षे मोठा वाद चालू आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे.

निर्यातदारांच्या एका गटाचे म्हणणे असे. जगात मोठा खप मिश्र चहाचा आहे. युरोप-अमेरिकेतले मोठे व्यापारी आठ-दहा देशांचा चहा मिसळून वर्षभर एकच चव आणि स्थिर किंमत देतात. दुबईत चहाचे एक झाडही नाही. तरी २००५ मध्ये तिथे चहाचे व्यापारकेंद्र उघडले आणि अनेक देशांचा माल आणून, मिसळून, भरून दुबई पुढे पाठवते. कोलंबोकडे बंदर आहे, भराईचे कारखाने आहेत, चव पाहणाऱ्यांची पिढीजात विद्या आहे. आयात खुली केली, तर हा सगळा धंदा कोलंबोला मिळेल आणि उत्पादन वाढवल्याशिवाय उत्पन्न वाढेल.

मळेवाले, लहान शेतकऱ्यांच्या संघटना आणि खुद्द मेरिल फर्नांडो यांच्यासारखे निर्यातदार याच्या ठाम विरोधात राहिले. त्यांची भीती दोन प्रकारची. स्वस्त ऑर्थोडॉक्स चहा बाहेरून आला, की लिलावात देशी चहाला बोली लागणार नाही आणि ६८ टक्क्यांच्या सूत्राने तो तोटा थेट शेतकऱ्याच्या दारात येईल. दुसरी भीती नावाची. सिलोनच्या चहाला जो जास्त भाव मिळतो तो ‘हा दुसरीकडचा नाही’ या खात्रीसाठी मिळतो. मिश्रण करणाऱ्या कारखान्यात कोणत्या गोणीतला चहा कोणत्या पाकिटात गेला, हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार? एकदा ती खात्री डळमळली, तर परत उभी करायला दुसरी शंभर वर्षे लागतील.

या वादात दुसऱ्या बाजूचे पारडे जड आहे. श्रीलंकेचा उत्पादनखर्च जगात वरच्या रांगेत मोडतो. झुडपे म्हातारी झाली आहेत, नवी लागवड हवी तितकी होत नाही, एकरी उतारा केनियाहून बराच कमी आहे. वजनाच्या शर्यतीत हा देश जिंकणार नाही. केनिया कधीच दुपटीहून पुढे गेला आहे, आणि २०२४ साली घरचा प्रचंड खप भागवूनही भारताची निर्यात श्रीलंकेच्या पुढे गेली; ऑर्थोडॉक्स चहा वाढवून इराकच्या बाजारात भारताने पाय रोवले, ते श्रीलंकेचे उत्पादन घटल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत. अशा वेळी नावाखेरीज दुसरे भांडवल उरत नाही. सीटीसी आणि हिरव्या चहाची मोजकी, हिशेब ठेवलेली आयात या नावाला धक्का लावत नाही. ती चालू राहावी. देशात पिकणाऱ्याच चहाचा स्वस्त पर्याय आणून सिलोनच्या शेजारी भरणे हे मात्र आत्मघातकी ठरेल. दुबईला गमावण्यासारखे नाव नाही, म्हणून तिला ते परवडते.

या विषयावरचे आकडे वाचताना तीन सावधगिऱ्या बाळगाव्यात. निर्यातीच्या एकूण आकड्यात आयात करून परत पाठवलेला चहा धरलेला असतो का, हे आधी पाहावे; नाही तर एखाद्या वर्षी उत्पादनाइतकी किंवा त्याहून जास्त निर्यात दिसून गोंधळ उडतो. मूल्य डॉलरमध्ये आहे की रुपयांत, हे दुसरे. २०२२ चे रुपयांतले आकडे एकटे वाचले, तर ते वर्ष भरभराटीचे वाटेल. आणि संयुक्त अरब अमिरातीला गेलेला चहा तिथेच प्यायला जातो असे समजू नये. त्यातला बराच पुढे इराण, इराक आणि आसपासच्या देशांत जातो, त्यामुळे ग्राहकदेशांची यादी ही पिणाऱ्यांची यादी नसते.

चहा मंडळाने नावाच्या रक्षणासाठी तलवारधारी सिंहाची मुद्रा नोंदवून घेतली आहे. ती वापरण्याच्या अटी कडक आहेत : चहा शंभर टक्के श्रीलंकेचा हवा, मंडळाच्या दर्जाच्या कसोटीला उतरलेला हवा आणि पाकीट श्रीलंकेतच भरलेले हवे. पाकिटावर नुसते ‘सिलोन टी’ लिहिलेले असेल, तर तो चहा सुट्या गोणीतून बाहेर जाऊन दुसऱ्या देशात भरलेला असू शकतो आणि भराईचा पैसा त्या देशाला गेलेला असतो. परदेशात राहणाऱ्या किंवा प्रवासात चहा विकत घेणाऱ्या मराठी वाचकाने पाकीट उलटून सिंह आहे का ते पाहावे आणि असेल तेच घ्यावे.